काल काय खाल्लं?

पहिल्या घरी साबुदाण्याची खिचडी आली तेव्हा मी सवयीनं विचारलं, "किती वाट्या?" दुसऱ्या घरी पुन्हा खिचडी, जोडीला भगर. तिसरे एक म्हातारे बाबा होते. "राजगिऱ्याचा लाडू, दोन केळी आन् च्या," एवढं सांगून त्यांनी हात जोडले. मग मात्र मी पेन खाली ठेवलं आणि शेजारी बसलेल्या आशाताईंकडे (आशा म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका) बघितलं.

"ताई, काल काय होतं?"

"काल एकादस नव्हं का!"

सोलापूर जिल्ह्यातलं गाव, पंढरपूर तासाभरावर. निम्मी घरं माळकरी. आणि मी, पोषणशास्त्रात एम.एस्सी. केलेली बाई, नेमकी द्वादशीच्या सकाळी चार जणांची टीम घेऊन गावाला विचारत होते, काल काय खाल्लं! तारीख मीच काढली होती. सरकारी सुट्ट्या बघितल्या, आठवडी बाजार बघितला, गावात लग्न नाही ना हे आशाताईंना फोन करून विचारलं. कॅलेंडरच्या चौकोनात तारखेखाली बारीक अक्षरात काय छापलंय, तेवढं बघितलं नाही. तेच कॅलेंडर माझ्या आईच्या स्वयंपाकघरात दाराला टांगलेलं असतं आणि आई ते बघूनच जगते.

काम काय होतं ते सांगते. गावातल्या चार वयोगटांचा आहार आणि शारीरिक हालचाल यांची तुलना करायची: १० ते १९, २० ते ३९, ४० ते ५९ आणि ६० च्या पुढचे. आहारासाठी चोवीस तासांची आठवण. काल उठल्यापासून आज उठेपर्यंत तोंडात गेलेलं सगळं. आधी भरभर यादी, मग विसरलेलं काढायचं (चहा सगळेच विसरतात; चहा म्हणजे खाणं-पिणं आहे असं कुणाला वाटतच नाही), मग वेळा, मग मापं. मापांसाठी आमच्याकडे ठरावीक वाट्या, कप, चमचे. हालचालीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली: दमवणारं काम किती, मध्यम किती, किती वेळ चाललात, किती वेळ बसून होतात. बरोबर उंचीची पट्टी, वजनकाटा, टेप, मुठीची ताकद मोजायचा डायनॅमोमीटर आणि बोटाला टोचून हिमोग्लोबिन बघायचं यंत्र.

अशा पाहणीत सणवार, लग्नकार्य, उपवास आणि आजारपण हे दिवस टाळायचे, असा नियम असतो. कारण उघड आहे. माणूस एरवी काय खातो ते आपल्याला हवंय, पुरणपोळीच्या दिवशी काय खातो ते नको. मी सरांना फोन लावला. त्यांनी मला फार बोलून नाही घेतलं, ते नंतरसाठी ठेवलं असावं. म्हणाले, उंची-वजन-रक्त उरकून घ्या, आहाराचे फॉर्म भरू नका, पुन्हा जाऊ.

सल्ला शहाणपणाचा होता. पण मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात तोवर पन्नासेक माणसं येऊन बसली होती. बायकांनी कामावर अर्ध्या दिवसाचा खाडा केलेला. त्यांना नुसत्या काट्यावर चढवून घरी पाठवायचं मला जड गेलं. फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न असतोच: 'कालचा दिवस नेहमीसारखा होता का?' तिथे 'नाही' वर खूण करू आणि भरू, असं मी ठरवलं. म्हणजे सरांचं ऐकलं नाही.

वय विचारणं हे त्या दिवशीचं दुसरं प्रकरण. वयोगटांची तुलना करायची तर वय तरी पक्कं हवं. खेड्यात साठीपुढच्या माणसाचा जन्म दोनच तारखांना झालेला असतो. शाळेत गेला असेल तर १ जून, कारण गुरुजींनी दाखल करताना तीच तारीख लिहिली. शाळेत गेला नसेल तर १ जानेवारी, कारण आधारवाल्यानं ती टाकली. त्यामुळे आम्ही तारखा विचारत नाही, दुष्काळ विचारतो. "बहात्तरच्या दुष्काळात केवढ्या होतात?" या एका प्रश्नानं म्हाताऱ्या माणसाचं वय जेवढं बरोबर कळतं तेवढं कुठल्याच कार्डानं कळत नाही.

"तवा थोरलं पोरगं कडंवर हुतं," एक आजी म्हणाल्या. "खडी फोडाया जायचो. मिलोची भाकरी, लालभडक. घशाखाली उतरायची न्हाई. सुकडी मिळायची ती पोराला." अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी या भागातल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या तोंडात अजून आहे. म्हणजे आजी तेव्हा विशीच्या आसपास, आज सत्तरी ओलांडलेल्या. आधारावर अडुसष्ट. मी सत्तरी धरली. "आन् ही माझी नात," असं म्हणून त्यांनी मागं उभ्या असलेल्या मुलीला पुढं ढकललं. "हिचं बी लिव्हा. पोलीस हुणार हाय."

मुलगी एकोणीस वर्षांची. ट्रॅक पँट, पायात झिजलेले बूट, केसांची घट्ट वेणी. बुटांना ओली माती होती, पहाटे धावून आलेली. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली आता बहुतेक गावांत दिसतात. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. उंचीची अट १५५ सेंटिमीटर. म्हणून माझ्याकडचं इतर काही तिला नको होतं, उंचीची पट्टी हवी होती. रांग मोडून तिथेच आली.

टाचा, पाठ, डोकं पट्टीला टेकवून उभी राहिली. मी वरची फळी खाली आणत होते. ती थोडी खाली सरकल्यासारखी वाटली, तशी मी म्हटलं, "सरळ उभी राहा गं, वाकू नकोस." पुन्हा सरकली. मी पुन्हा तेच म्हणणार, तेवढ्यात ती पट्टीसकट आडवी झाली.

आशाताईंनी तिला धरलं, मी नाही. माझा एक हात फळीवर होता आणि दुसऱ्या हातात पेन. हे सांगायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. आडवं निजवलं, पाय वर केले, कुणीतरी लिंबू-साखर-मीठ घातलेलं पाणी आणलं. दोन-तीन मिनिटांत तिनं डोळे उघडले आणि मला विचारलं, "मॅडम, उंची किती भरली?"

तिला पुन्हा उभी करायची माझी हिंमत झाली नाही. बोट टोचून रक्त तेवढं बघितलं. हिमोग्लोबिन ८.४. तिच्या वयाला १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात, आणि ८ च्या खाली गेलं की तीव्र. म्हणजे ही मुलगी त्या दुसऱ्या रेघेच्या काठावर रोज पहाटे धावत होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या, हा आकडा मला पाठ आहे, भाषणात वापरते. आकडा असा समोर पडताना मात्र कधी बघितला नव्हता.

आशाताई आणि मी तिला घरी सोडायला गेलो आणि दुपारपर्यंत तिथेच राहिलो. बाकीची टीम मंडपात.

घर स्लॅबचं, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत चूल. गॅस आत आहे, पण भाकरी चुलीवर. आजी उपास सोडायच्या तयारीला लागल्या होत्या, परातीत पीठ घेत होत्या. मला एवढं निमित्त पुरलं. भाकरीचं माप हा आमच्या धंद्यातला जुना वैताग आहे. चपाती तरी साधारण एका अंदाजात बसते, पण भाकरी घराघराला वेगळी. सोलापूरकडं पातळ कडक भाकरी वेगळी, रोजची मऊ वेगळी. "आजी, एका भाकरीला पीठ किती?"

"दोन मुठी."

"मूठ दाखवा बघू." मी पिशवीतून छोटा डिजिटल काटा काढला. आजींनी त्यावर एक मूठ पीठ सोडलं: ५३ ग्रॅम. पुन्हा सोडायला सांगितलं: ५२. तिसऱ्यांदा: ५३. मी काट्याकडे बघत राहिले. आमच्या प्रशिक्षणात, मापाची वाटी हातात असताना, दोन पदवीधर मुलींच्या मापात दहा-पंधरा ग्रॅमचा फरक पडायचा. इथे पन्नास-साठ वर्षं भाकरी थापणाऱ्या हाताला एका ग्रॅमची चूक. "आता बास की," आजी म्हणाल्या, "पीठ वाळतंय."

तर एक भाकरी म्हणजे साधारण १०५ ग्रॅम ज्वारी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्याप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि ४ मिलिग्रॅमच्या आसपास लोह. भाकरी गरीब नाही, हे मी सगळीकडे सांगत असते. फक्त ती ताटात किती जणांच्या नंतर येते आणि बरोबर चहा असतो का, हेही बघावं लागतं. चहा भाकरीतलं लोह फारसं अंगी लागू देत नाही. आणि त्या घरात न्याहारी म्हणजे चहा-भाकरी.

आजींची हालचाल विचारली. "मी काय काम करतीय? बसूनच असती." मी म्हटलं, काल उठल्यापासून सांगा. उठल्या चार वाजता. गोठा लोटला. शेणी थापल्या. दोन शेळ्यांना पाला तोडून आणला. शेंगा फोडल्या, उखळात चटणी कुटली. नातवाचा डबा. मिश्री लावत थोडं बसल्या. पुन्हा शेळ्या. जळण. संध्याकाळी देवळात हरिपाठ, जाऊन-येऊन दीड किलोमीटर. हे सगळं प्रश्नावलीत घालायला गेले तर काहीच बसेना, कारण आमच्या हातातल्या प्रश्नावलीत अट होती, काम सलग दहा मिनिटं तरी केलेलं हवं. आजींना सलग दहा मिनिटं कोण देतंय? कुटायला बसलं की शेळी ओरडते, शेळीकडं गेलं की नातू हाका मारतो. ही दहा मिनिटांची अट जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या आपल्या शिफारशींतून काढून टाकली, हालचाल थोडी थोडी झाली तरी मोजा म्हणून. आजींना कळवायला हवं होतं. डायनॅमोमीटर दाबायला दिला तर १९ किलो. आशियाई निकषांत बाईची मूठ १८ च्या खाली गेली की ताकद घटली म्हणतात. आजी यंत्राकडं बघून म्हणाल्या, "ह्याला दूध येत न्हाई व्हय?"

मुलगा शेतातून आला. वय शेहेचाळीस, मोटारसायकलवरून. "शेतकऱ्याला काय विचारायचं मॅडम, दिवसभर राबतोय." गेला आठवडा दिवसादिवसानं मांडला. ऊस तोडायला टोळी आहे. नांगरट ट्रॅक्टरवर. पाण्याची मोटर आता मोबाईलवरून चालू होते, रात्रीच्या लाईटला उठून विहिरीवर जायचं गेलं. गावात जायचं तरी गाडी. कंबर १०१ सेंटिमीटर. पुरुषाला ९० च्या वर गेली की आम्ही काळजी करायला लागतो. माणूस खोटं बोलत नव्हता. दहा वर्षांपूर्वीपर्यंत राबतच होता, आणि शेतकरी म्हणजे राबणारा हे त्याच्याही डोक्यात बसलं होतं आणि आमच्याही. काल काय खाल्लं? दोन ताटल्या खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स, दोन लाडू, रात्री भगर-आमटी आणि दूध. सांगता सांगता स्वतःच हसला. "एकादशी, दुप्पट खाशी!"

त्याच्या बायकोनं "मी त्येच खाल्लं" एवढं एकच उत्तर दिलं. तेच म्हणजे किती, तर कढईला लागलेलं. त्यावर जास्त विचारू शकले नाही, नवरा समोर होता.

नातू चौदाचा. त्याला उपास वगैरे काही नाही. शाळेतली खिचडी, दुकानातली पाच रुपयांची दोन पाकिटं, घरी चपाती-साखर. शाळेत जायला-यायला वडिलांची गाडी, आल्यावर मोबाईल. हा चौदाचा आणि त्याची एकोणीसची बहीण, दोघं आमच्या एकाच रकान्यात, १० ते १९. सरासरी काढली की दोघंही तब्येतीनं बरी निघाली असती.

आता त्या मुलीचं. काल पहाटे साडेचारला उठली, एक कप चहा, धावायला. चाळीस मिनिटं. घरी येऊन पाणी भरलं. नऊला चहा. अकराला खिचडी, आमच्या लहान वाटीनं दीड वाटी, कारण आधी वडील आणि काका जेवले. मग लोकांच्या कांद्यात खुरपायला, चार तास. संध्याकाळी चहा, एक केळं. रात्री भगर एक वाटी, शेंगदाण्याची आमटी. आज पहाटे पुन्हा साडेचार, पुन्हा धाव, आणि पूजा होईपर्यंत उपास सोडायचा नाही म्हणून पोटात काहीच नाही. तशीच पट्टीला येऊन उभी राहिलेली.

मी तिथेच, फॉर्मच्या मागच्या बाजूला, हिशेब केला. आलं ११०० कॅलरीच्या आत. मध्यम कष्टाच्या बाईची रोजची गरज २१३० धरलेली आहे. साबुदाण्यात पिठूळपणाशिवाय काही नाही, प्रथिनं नावाला, लोह नावाला. (गंमत म्हणजे साबुदाण्याचा कंद, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, हे सगळं अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेलं. ज्ञानोबा-तुकोबांनी एकादशीला साबुदाण्याची खिचडी नक्कीच खाल्लेली नाही.) दुसऱ्या बाजूला हालचाल. धावणं आठवड्याचे सहा दिवस, खुरपणी पाच दिवस. प्रश्नावलीच्या हिशेबानं दमवणाऱ्या मिनिटाला ८ गुण आणि मध्यमला ४. निरोगी राहायला आठवड्याला ६०० पुरतात. हिचे ६७२० झाले, पाणी भरणं न धरता.

हा आकडा नुसता तक्त्यात बघितला असता तर मी म्हटलं असतं, वा.

"घरात अंडं चालतं का?" माझा प्रश्नच मूर्खपणाचा. आजीच्या गळ्यात माळ. मुलगी म्हणाली, अकॅडमीचे सर रोज चार अंडी खा म्हणतात. चुलतभाऊही भरतीची तयारी करतोय, तो फाट्यावरच्या गाड्यावर उभा राहून खातो, घरात कुणी विचारत नाही. "मी कशी उभी राहणार तिथं?"

शाळेत असताना लोहाच्या निळ्या गोळ्या मिळायच्या ना? मिळायच्या. "सोमवारी वाटायचे. जेवून घ्या म्हणायचे. सोमवारी माझा उपास."

सोमवारचा कसला उपास?

अकरावीत मैत्रिणींबरोबर सोळा सोमवार धरले. सोळा झाले. मग भरतीसाठी पुढं चालू ठेवले. भरती होईपर्यंत सोडायचे नाहीत, असं बोलली आहे.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी चुकीच्या गोष्टीचा जीव खात होते. फॉर्म उलटा केला आणि मोजायला बसलो, ती बोटांवर आणि मी कागदावर. सोमवार ५२. एकादश्या २४. संकष्टी १२. नवरात्रात नऊ. महाशिवरात्र. हरतालिका, तीही पाण्याशिवाय. एकमेकांवर पडणारे वजा केले तरी नव्वदच्या खाली येईना. नव्वद म्हणजे वर्षाच्या चार दिवसांतला एक.

फॉर्मच्या शेवटचा प्रश्न अजून कोरा होता. 'कालचा दिवस नेहमीसारखा होता का?' मी तो आजींना मोठ्यानं वाचून दाखवला, का कुणास ठाऊक. आजी भाकरी उलटत होत्या. "पंधरा दिसाला येती एकादस. न्हेमीची न्हाई तर काय?"

मी विचारलं, तुमचे उपास किती? एकादशीच. आणि घरातल्या पुरुषांचे? एकादशीच, पोट भरून. सुनेचे? सोमवार, शुक्रवार, चतुर्थी, एकादशी, आणि ती मोजायला थांबत नव्हती. म्हणजे एकाच घरात, एकाच चुलीवर, ज्यांच्या रक्ताला सगळ्यात जास्त लोह लागतं त्या दोघींचेच उपवास सगळ्यात जास्त होते. आणि आम्ही गेली दोन वर्षं गावोगाव उपवासाचा दिवस हुकवून, मुद्दाम चांगला दिवस बघून, त्यांना विचारत होतो काल काय खाल्लं.

मुलगी एकदम म्हणाली, "मॅडम, सोमवार सोडू का?"

यावर काय बोलायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. सोड म्हणावं तर तिच्या देवाचं आणि तिचं मी मधे पडून काय करू. धर म्हणावं तर ८.४. मी आपलं डॉक्टरांना दाखवू, प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या मिळतील, असं काहीबाही बोलायला लागले. आजींनी हातातला उलथना चुलीवर आपटला.

"सोडाया कशाला पायजे? उपास म्हंजी उपाशी मरायचं कुणी सांगितलं? राजगिरा खा, शेंगा खा, गूळ खा, दूध पी. पोट भरून खा. द्येव काय वही घिऊन बसलाय व्हय, किती खाल्लं लिवायला?" आणि माझ्याकडं बघून, "वही ह्या बाईकडं हाय."

आशाताई इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला. आजींनी जे सांगितलं ते माझ्या तक्त्यातही तसंच आहे. राजगिऱ्यात १०० ग्रॅमला ८-९ मिलिग्रॅम लोह, म्हणजे ज्वारीच्या दुप्पट, शेंगदाण्यात २३-२४ ग्रॅम प्रथिनं. मी फक्त लिंबाची भर घातली आणि चहा जेवणापासून तासभर लांब ठेवायला सांगितला. चहा लांब ठेवणं मात्र आजींना अजिबात पटलं नाही.

निघताना मुलगी पुन्हा पट्टी मागायला लागली. पट्टी मंडपात होती. मग भिंतीला टेकवून, आमच्या टेपनं मोजली. १५६ भरली. तीन वेळा मोजून घेतली तिनं.

दोन दिवसांनी कार्यालयात सरांनी नंतरसाठी ठेवलेलं बोलून घेतलं. मग म्हणाले, त्या गावचे आहाराचे फॉर्म बाद. मी नव्वद दिवसांचा कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. एका गावाचा अख्खा दिवस एकादशीचा आणि बाकी गावांचा एकही नाही, अशी तुलना कुणी मांडली तर ती फेकूनच द्यायला हवी. माझं म्हणणं एवढंच, की उपवास सगळीकडून काढून टाकला तरी तुलना खोटीच होते, फक्त ती नीटनेटकी दिसते. म्हाताऱ्यांचा दिवस आहे तसा येतो, पुरुषांचा येतो, आणि विशीच्या पोरीचा मात्र तिच्या चारपैकी तीन बरे दिवस तेवढे येतात. सर म्हणाले, "मग आधीच्या गावांचं काय करायचं?" याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं. ते फॉर्म वेगळे ठेवायचे. त्या गावात दुसऱ्या, बिनउपवासाच्या दिवशी पुन्हा जायचं. इथून पुढं दिवस निवडून घ्यायचा नाही, चिठ्ठी काढायची, उपवास येईल तर येईल. आणि फॉर्मला एक पान जोडायचं: वर्षातले उपवास कोणते, त्या दिवशी काय खाता, कितीदा खाता. पान मी बनवलं. आईला विचारून बनवलं.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा मुलगी आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या घेत होती. पोटात मळमळतं अशी तक्रार होती, पण घेत होती. हिमोग्लोबिन मी मोजलं नाही, तिनं मात्र मोजा म्हणून हट्ट केला. धाव आठवडाभर बंद ठेवायला डॉक्टरांनी सांगितली होती, ती तिनं दोन दिवस ठेवली. ८०० मीटरला तीन मिनिटं दहा सेकंद लागत होते, तेवढेच लागताहेत, असं चुलतभाऊ म्हणाला. डब्यात राजगिऱ्याचे लाडू होते. एक मलाही दिला. खाण्याआधी मी तो काट्यावर ठेवला, २८ ग्रॅम, आणि सगळ्या घरानं मला हसून घेतलं.

पुढच्या गावासाठी चिठ्ठी काढली तर शनिवार आला. गुरुवारी तिथल्या आशाताईंचा फोन. "मॅडम, शनिवारी नका येऊ. शुक्रवारी आमच्या गावची जत्रा हाय, घरोघर मटण. तुमचं समदं माप बिघडंल."

मी म्हटलं, शनिवारीच येते. आणि टीमला निरोप धाडला की रश्श्यासाठी मोठी वाटी बरोबर घ्या, आपल्या सेटमधली पुरायची नाही.